काकांचा कोरडा तलाव

माझे काका पोहायला शिकवतात. ते स्वतः मात्र असं कधी सांगत नाहीत. ते म्हणतात, "मी मोठ्या माणसांची भीती काढतो," आणि म्हणताना छाती एवढी फुगवतात की मला त्यांच्या शर्टाच्या बटणांची काळजी वाटते. लहान मुलांना शिकवणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मुलांचं काय, ढकललं की पोहतात. ज्याला नोकरी आहे, ठाम मतं आहेत, दुखरे गुडघे आहेत आणि लोक काय म्हणतील याची धास्ती आहे, अशा माणसाला पाण्यावर आडवं करणं ही खरी विद्या, असं त्यांचं म्हणणं. ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

त्यांचा वर्ग सार्वजनिक तलावावर सकाळच्या पहिल्या तासाला भरतो. पत्र्याच्या छताखाली लांबलचक निळं पाणी, भिंतीवर एक घड्याळ आणि सगळीकडे क्लोरीनचा वास. तो वास काकांच्या अंगात इतका मुरलाय की काकू त्यांना घरात वासावरून शोधते. तलावाची उजवी बाजू उथळ, डावी खोल आणि मधोमध आडवा दोर. काकांचे विद्यार्थी सगळे दोराच्या अलीकडे, उथळ बाजूला. पलीकडे जायचं सोडाच, दोराकडे नुसतं पाहायलाही त्यांची छाती होत नाही.

या वर्गाची एक रीत आहे आणि ती काकांच्या सुपीक डोक्यातून निघाली आहे. एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. प्रत्येकाला एक जोडीदार. एक पाण्यात, दुसरा काठावर. काठावरच्याचं काम एकच, ते म्हणजे बोलत राहायचं. शेजाऱ्यांच्या तक्रारी सांगा, कालचं भांडण सांगा, हवं तर भाजीचे भाव सांगा, पण तोंड बंद ठेवायचं नाही. पाण्यातला माणूस ऐकायला लागला की घाबरायला विसरतो, आणि आवाज येतोय तोवर आपल्याजवळ कोणीतरी आहे हे त्याच्या पायांना कळतं, असा काकांचा सिद्धांत. कौतुक करायला मात्र सक्त मनाई.

"शाब्बास म्हटलं की माणूस हसतो," काका सांगतात. "हसायला तोंड उघडतो. आणि तोंड उघडलं की अर्धा तलाव पोटात."

त्यामुळे पहिल्या तासाला तलावावर मासळी बाजार भरल्यासारखा गलका असतो आणि त्यात एकही गोड शब्द नसतो.

विद्यार्थ्यांपैकी तिघांची ओळख करून द्यायला हवी. एक बेकरीवाले. हे पाण्यावर असे तरंगतात की जणू देवाने त्यांना त्यासाठीच घडवलं, फक्त पुढे सरकत नाहीत. दुसऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या पुढे सरकतात, पण रागाने, पाण्याने त्यांचं काही वाकडं केल्यासारख्या. आणि तिसऱ्या ग्रंथालयातल्या बाई. यांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सांगितले म्हणून त्या आल्या आणि काठाचा लोखंडी दांडा धरून उभ्या राहिल्या त्या उभ्याच राहिल्या. सगळा जन्म वाचकांना "शू" करण्यात गेलेला, त्यामुळे काठावर त्यांची पाळी आली की त्या एवढ्या हळू बोलत की त्यांचे जोडीदार बेकरीवाले पाण्यातून ओरडत, "बाई, जरा मोठ्याने, मी मरतोय!"

अशा थाटात सगळं चाललं असताना तलावाच्या फरश्या निखळल्या. दुरुस्तीसाठी पाणी सोडून दिलं आणि तलावाला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात तलावाच्या मॅनेजर मॅडमनी काकांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं. मॅडम वाईट नाहीत. त्यांना आवाज सहन होत नाही, एवढंच. शिवाय शर्यतीच्या मुलांचे प्रशिक्षक सकाळच्या पहिल्या तासासाठी त्यांच्या मागे हात धुऊन लागले होते. मॅडमनी निकाल सुनावला. तलाव उघडला की प्रौढांच्या वर्गाची परीक्षा. अख्ख्या वर्गाने पाय न टेकता तलावाची रुंदी पार करायची. एक जरी मागे राहिला तरी तास शर्यतीच्या मुलांना, आणि काका दारावर, चपला ठेवून बिल्ले द्यायला.

काका घरी आले ते गप्प. काकू घाबरली, कारण गप्प बसलेले काका तिने लग्नातही पाहिले नव्हते. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चपलांशी काय बोलायचं गं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. या माणसाकडून तो तास काढून घेतला तर उरतो तो क्लोरीनचा वास आणि बिनबटणांचे शर्ट, हे मला लख्ख दिसलं.

आता माझ्याबद्दल. मी ज्या कंपनीत काम करते तिथे लोकांनी एकमेकांशी जोडलं जावं आणि मिळून शिकावं म्हणून एक ॲप बनतं. आमच्या साहेबांना प्रत्येक गोष्टीचा आलेख लागतो. कोणी शिंकलं तरी ते विचारतात की मागच्या महिन्यापेक्षा जास्त की कमी. म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे आलेखसाहेब म्हणतो. त्यांना ॲप वापरून बघायला खरीखुरी माणसं हवी होती आणि काकांना तलाव नव्हता. मी दोन्हींची गाठ घालून दिली आणि सगळ्या वर्गाच्या फोनवर आमचं ॲप चढवलं.

मग सुरू झाला कोरडा वर्ग. काकांनी पहिला व्हिडिओ जेवणाच्या टेबलावर पालथं पडून केला. हात मारले, पाय मारले, तोंड बाजूला वळवून श्वास घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघून गरजले, "फोन अगदी माझ्यासारखा ठेवायचा! इकडचा तिकडे नको!" मागून काकू आली, म्हणाली, "अहो, टेबल पुसायचंय," आणि त्यांच्या पाठीवर चहाचा कप ठेवून निघून गेली. तेवढा भाग ॲपवर सगळ्यात जास्त पाहिला गेला.

विद्यार्थी आज्ञाधारक. बेकरीवाले मैद्याच्या पोत्यांवर पालथे पडून पाय मारू लागले आणि भट्टीच्या खोलीत पांढरं धुकं उठू लागलं. डॉक्टरीणबाई दोन पेशंटांच्या मधल्या वेळात आपल्याच खुर्चीवर पोहत. एकदा पेशंट लवकर आला. त्याने आ वासला तो तपासणीसाठी नव्हे. ग्रंथालयातल्या बाई कपाटांच्या मधल्या बाकावर, वाचनालय उघडायच्या आधी, इतक्या हळू हात मारत की व्हिडिओ अडकलाय की बाई, हे समजायला मार्ग नव्हता.

इथपर्यंत सगळं झकास होतं. मग आमच्या ॲपने आपले गुण उधळले.

ॲपमध्ये टाळ्या होत्या. चढता क्रम होता. रोज आलात तर ज्योत पेटायची, एक दिवस चुकलात तर फुस्स करून विझायची. डॉक्टरीणबाई पहिल्या आल्या आणि पहिल्या राहण्यासाठी इरेला पेटल्या. पुढे पुढे तर पेशंटच्या तोंडात कापूस कोंबून त्याच्याच हातात फोन द्यायला लागल्या, "धरा जरा, हलवू नका." बेकरीवाल्यांना पोत्यावरून घसरल्याबद्दल कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांच्या टाळ्या मिळाल्या, तर ते रोज मुद्दाम घसरायला लागले. पोहणं राहिलं बाजूला. आणि ग्रंथालयातल्या बाई सगळ्यात खाली. त्यांना ॲप रोज सकाळी आठवण द्यायचं, "तुमचे मित्र तुमच्या पुढे गेले!" शेवटी हसरा चेहरा.

बाईंनी फोन टेबलाच्या खणात टाकला आणि वर जाडजूड शब्दकोश ठेवला. त्यांचं बघून खालच्या क्रमांकाचे एकेक जण गळाले. वर्गात उरली डॉक्टरीणबाईंची ज्योत.

काका माझ्यावर भडकले. "हे कसलं तुझं ॲप? माझ्या माणसांना एकमेकांपासून तोडलं त्याने! ने मला तुझ्या साहेबाकडे."

नेलं. आमच्या मीटिंगच्या खोलीत काचेच्या भिंती, गुळगुळीत टेबल आणि थंडगार हवा. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्यात शिट्टी. आलेखसाहेब नम्रपणे म्हणाले, "सर, लोकांनी मिळून शिकावं यासाठी ॲपमध्ये काय काय हवं, असं तुम्हाला वाटतं?"

"आधी आंघोळ," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"तलावात उतरायच्या आधी शॉवर घ्यावाच लागतो. बाहेरची धूळ, बाहेरचा राग बाहेर धुऊन यायचं. तुमच्याकडे लोक तसेच आत शिरतात."

शेजारी बसलेल्या डिझायनरने "आंघोळ" असं लिहून घेतलं आणि त्याखाली रेघ मारली.

"मग उथळ बाजू हवी. तुमचं सगळंच खोल. नवा माणूस आला की त्याला गावासमोर ढकलून देता. पाय टेकतील अशी एक खोली ठेवा. तिथे तो चुकेल, धडपडेल, आणि ते फक्त त्याच्या जोडीदाराला दिसेल. टाळ्या बंद करा. टाळ्यांनी तोंड उघडतं. आणि मला एक सांगा, तुमच्यात कोणी बुडायला लागलं तर तुम्हाला कळतं का?"

"अर्थातच," आलेखसाहेब खुलले. "वापर घटला की आलेख लगेच खाली येतो. मग ताबडतोब एक संदेश जातो."

"कोणाला?"

"त्यालाच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काचेतून बाहेर पाहिलं.

"म्हणजे जो बुडतोय," काका सावकाश म्हणाले, "त्यालाच तुम्ही कळवता, की तू बुडतोयस."

"प्रोत्साहन म्हणून," आलेखसाहेब म्हणाले.

"अहो, त्याच्या जोडीदाराला कळवा! त्याला म्हणावं, फोन उचल आणि बोल. काहीही बोल. माणसाला माणसाने हाक मारावी लागते. यंत्राने हसरा चेहरा पाठवला तर बुडणाऱ्याला काय, तो चेहरा धरून वर येता येतं?"

मला काकांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. काका तिथेच थांबले असते तर त्या दिवशी आमच्या ॲपचा इतिहास बदलला असता. पण थांबतील तर ते काका कसले. त्यांना रंग चढला. ॲप उघडल्यावर क्लोरीनचा वास यायला हवा, म्हणाले. सगळ्यांना रबरी टोपी सक्तीची करा, म्हणाले. कोणी नवीन आलं की शिट्टी वाजवा, म्हणाले, आणि वाजवून दाखवली. पहिल्याच पानावर माझा फोटो टाका, बाजूने काढलेला, बाजूने मी बरा दिसतो. आणि शेवटी बूट काढून ते मीटिंगच्या टेबलावर पालथे पडले आणि सर्वांना पायांची योग्य हालचाल दाखवली. आलेखसाहेबांचा कॉफीचा कप जमिनीवर गेला. केल्या सवरल्यावर काकांनी स्वतःच पाणी फिरवलं.

कंपनीने त्यांच्या सगळ्या सूचनांमधली एकच घेतली. शिट्टी. आता आमच्या ॲपमध्ये कोणी नवीन आलं की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते.

पण माझ्या मनातून ते बुडणाऱ्याचं जाईना. मी आणि त्या डिझायनरने मिळून काकांच्या वर्गापुरती ॲपची एक वेगळी, साधी आवृत्ती केली. तिच्यात क्रम नाही, टाळ्या नाहीत, ज्योत नाही. उघडलं की समोर एकच माणूस, तुमचा जोडीदार. चेहराही बघायची सक्ती नाही, नुसता आवाज चालेल. खाली एक मोठं बटण, त्यावर लिहिलेलं, "जमत नाहीये." ते दाबलं की जोडीदाराचा फोन वाजणार, दुसऱ्या कोणाचा नाही. एखादा बरेच दिवस दिसला नाही तर ते त्याला कळवायचं नाही, जोडीदाराला कळवायचं. आणि तास संपला की ॲप आपलं आपण बंद. काकांचं म्हणणं, पाण्यात जास्त वेळ बसलं की बोटं सुरकुततात आणि ॲपमध्ये बसलं की माणूस.

सर्वांत आधी बेकरीवाल्यांच्या फोनवर संदेश गेला की तुमच्या बाई दिसत नाहीत. त्यांनी भट्टी तशीच टाकून फोन लावला. शब्दकोशाखालून खण थरथरू लागला तेव्हा बाईंना वाटलं भूकंप झाला.

"बाई," बेकरीवाले म्हणाले, "आज पीठ फुगेना. काय करावं कळत नाही."

"मला काय कळतंय पिठातलं?" बाई म्हणाल्या.

"तसं नाही हो, नियम आहे, काहीतरी बोलायचं. तुम्ही पालथ्या पडा, मी पिठाबद्दल सांगतो."

आणि बाई पालथ्या पडल्या. ते पिठाबद्दल सांगत, बाई बाकावर हात मारत. त्यांची पाळी आली की बाई वाचकांबद्दल सांगत. कोण पुस्तकात माशा मारून ठेवतो, कोण शेवटचं पान आधी वाचून इतरांना सांगतो. हळूहळू बाईंचा आवाज चढायला लागला. तरंगायचं कसं, तेही बेकरीवाल्यांनीच सांगितलं. "पाठीवर पडायचं आणि आपण पाव आहोत असं समजायचं." बाई बाकावर पाठ टेकून पाव झाल्या. हळूहळू गळालेले सगळे परत आले आणि डॉक्टरीणबाईंच्या पेशंटांची सुटका झाली.

तलाव उघडला. उजळ नव्या फरश्या, भिंतींवर ताज्या रंगातले खोलीचे आकडे, आणि दोर मात्र अजून लावायचा राहिलेला. काकांनी कुरकुर केली. मॅडम म्हणाल्या, "रुंदीच तर पोहायची आहे, सरळ पलीकडे. दोराचा काय संबंध?" शर्यतीच्या मुलांचे प्रशिक्षक घड्याळ घेऊन बाजूला उभे होते. मग मॅडमनी हातातला कागद वर केला आणि म्हणाल्या, "आणि काठावरून एक शब्दही नको. परीक्षा आहे. संपूर्ण शांतता."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं तर मॅडमनी ओठावर बोट ठेवलं. मी बाकड्यावर बसले होते, ती उठून उभी राहिले.

पहिली अर्धी तुकडी उतरली. डॉक्टरीणबाई, बेकरीवाले आणि आणखी काही जण. पोहायला लागले आणि आम्ही बघतच राहिलो. सगळेच्या सगळे तिरके चालले होते, डावीकडे. दर वेळी मान वळायची ती डावीकडे, डोळे डावीकडे, आणि मागोमाग अंगही डावीकडे. निघाले उथळ पाण्यातून आणि समोरच्या भिंतीला लागले ते जिथे दोर असायचा तिथे, एकमेकांच्या अंगावर.

"असं का पोहतायत हे?" मॅडमनी विचारलं.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "प्लग!" ते म्हणाले. "टेबलाच्या डावीकडे प्लग आहे! फोन चार्जिंगला डावीकडे होता! मी म्हटलं अगदी माझ्यासारखा ठेवा!"

खरंच होतं. अख्खा वर्ग आमच्या घरातल्या एका प्लगमुळे डावखुरा श्वास घ्यायला शिकला होता. पण पाय कोणाचे टेकले नव्हते आणि भिंत ती भिंतच होती, तेव्हा मॅडमनी नाइलाजाने कागदावर खुणा केल्या. काकांनी दुसऱ्या तुकडीला हातवारे करून सांगितलं, उजवीकडे मारा, उजवीकडे. मग बुडणाऱ्याला धरायला द्यायचा लांब बांबू उचलला आणि ते काठावर उभे राहिले.

दुसरी तुकडी पोचली, एकाशिवाय. ग्रंथालयातल्या बाई अर्ध्यावर होत्या. हात हळू, पाय हळू, आणि हळू असल्यामुळे डावीकडे जायला भरपूर वेळ. त्या दोराची जागा ओलांडून गेल्या. मग थांबल्या. पाठीवर वळल्या, पाव झाल्या आणि छताकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "कोणी बोलत का नाही?"

पलीकडच्या काठावर, पाणी गळत उभ्या असलेल्या बेकरीवाल्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बाई, परीक्षा चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "शांतता राखा."

"शांतता?" बाईंचा पाय पाण्यावर आपटला. "मला सांगता शांतता? सगळा जन्म गेला माझा लोकांना गप्प करण्यात. कुठे गप्प बसायचं आणि कुठे नाही, हे तुम्ही मला शिकवू नका!"

मॅडम खवळल्या. तरातरा काठाने चालत बाईंच्या समोर आल्या. "हा तलाव आहे आणि इथे काही नियम..." आणि त्यांची नजर पायाशी, काठावरच्या ताज्या आकड्यावर पडली. बाईंच्या खाली दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी होतं. बाईंना त्याचा पत्ता नव्हता. त्या छताशी भांडत होत्या.

मॅडमचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका बांबू खाली ठेवून केव्हाच शर्टासकट, घड्याळासकट, जराही आवाज न करता पाण्यात उतरले होते आणि बाईंच्या मागे हातभर अंतरावर मानेपर्यंत बुडून पाय मारत होते. त्यांनी मॅडमकडे बघून एक हात वर काढला आणि बोटं चोचीसारखी उघडली, मिटली, उघडली, मिटली. बोला. बोलत राहा.

"नियम... म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "नियम मी केलेत."

"ते दिसतंयच."

"दिसतंय म्हणजे काय?"

"म्हणजे असले नियम दुसरं कोण करणार!" बाईंचा पाय पुन्हा आपटला आणि त्या हातभर पुढे सरकल्या. मॅडमनी ते पाहिलं. बाईंना राग आला की बाई पुढे जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी घसा साफ केला आणि आयुष्यात कधी नव्हे एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "तुमच्या ग्रंथालयात तरी कुठे असते हो शांतता? मी आले होते तेव्हा पंखा केवढा खडखडत होता!"

"पंखा? पंख्याची तक्रार करणाऱ्यांनी आधी नेलेलं पुस्तक आणून द्यावं!"

"कुठलं पुस्तक?"

"बागकामाचं! नेलंत ते नेलंत!"

"ते मी परत केलं!"

"नाही केलं!"

"केलं!"

"नाही!"

एकेका "नाही"सरशी बाई हातभर सरकत होत्या. मॅडम काठाने त्यांच्यासोबत चालत होत्या, हातातला कागद कुठे पडला त्यांनाही कळलं नाही. कोपऱ्यावर वळल्या, पलीकडच्या बाजूला आल्या, वाटेत प्रशिक्षकांना कोपराने बाजूला सारलं, पण तोंड थांबवलं नाही. त्यांचा आवाज कापत होता. आणि बाईंचं डोकं भिंतीवर टक्कन आपटलं.

"आई गं," बाई म्हणाल्या आणि सवयीने पाय खाली सोडले. पाय खाली जातच राहिले. काकांनी मागून त्यांचा हात उचलून शिडीवर ठेवला.

बाईंनी शिडी घट्ट धरली. भिंतीवरचा आकडा वाचला. मग जिथून निघाल्या होत्या तो काठ पाहिला, आणि मधलं सगळं निळंशार पाणी. "सर," त्या म्हणाल्या, "हे एवढं... मी आले?"

काकांनी मान हलवली. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडावर मारून घेतलं, मग पुन्हा मारून घेतलं.

बाई एकेक पायरी चढून वर आल्या. थंडीने कुडकुडत, गुडघे सांभाळत, मॅडमच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"भांडण मिटलेलं नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी उद्या येणार आहे. याच वेळेला. तुम्ही काठावर हव्यात."

मॅडमनी प्रशिक्षकांकडे पाहिलं. पाण्यातल्या काकांकडे पाहिलं. मग आपल्या अंगावरची शाल काढून बाईंच्या खांद्यावर टाकली.

"याच वेळेला," त्या म्हणाल्या. "पण पुस्तक मी परत केलंय."